कुंकू लागलेला बोर्ड

माझ्या धाकट्या दिराने मला फसवलं. चालू बोर्ड दाखवला आणि बंद बोर्ड बांधून दिला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण फसवलं ते फसवलंच. घरात यावर बोलायला कुणी तयार नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे.

आधी बोर्ड म्हणजे काय ते सांगते. पूर्वी व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये माणसाच्या उंचीच्या लाकडी पेट्या असत. समोर पडदा, खाली दांडा आणि बटणं, आणि नाणं टाकायची फट. त्या पेटीच्या पोटात लहान परातीएवढा एक हिरवा बोर्ड असतो, चिप्सनी गच्च भरलेला. खेळ त्या बोर्डात असतो. बाकीची पेटी म्हणजे लाकूड आणि काच. बोर्ड बदलला की त्याच पेटीत दुसरा खेळ सुरू.

मी मूळची अमरावतीकडची. लग्न होऊन पुण्यात आले आणि टीव्ही तयार करणाऱ्या एका कारखान्यात लागले. रांगेने बसलेल्या आम्ही सगळ्या बायकाच होतो. हातात कथील वितळवून भाग जोडायची सोल्डरची गरम सळई, समोरून सरकत येणारे सुटे भाग. माझ्या हातचा टाका चमकदार असायचा आणि हलवला तरी हलायचा नाही. सुपरवायझर नव्या मुलींना माझ्या मागे उभं करून म्हणायचे, "बघा, असा थेंब बसला पाहिजे." पुढे परदेशी कंपन्यांचे टीव्ही दुकानांत आले आणि आमच्या कारखान्याची एकेक रांग बंद होत गेली. आम्हाला एकरकमी पैसे देऊन घरी बसवलं. हे म्हणाले, बँकेत ठेवू. हे म्हणजे माझे यजमान, मार्केट यार्डात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून. मी म्हटलं, बँकेत ठेवून मी काय करू, रोज जाऊन बघून येऊ?

भावजींच्या, म्हणजे या धाकट्या दिराच्या, नावावर बिबवेवाडीत एक गाळा होता, रिकामाच. गाळा त्यांचा आणि यंत्रं माझी, अशी आमची भागी ठरली. पार्लर सुरू झालं आणि चाललं. कॉलेजची पोरं यायची, मार्केट यार्डातली हमालीची पाळी संपवून तरणी मुलं यायची, पाठीवर अजून कांद्याच्या पोत्याचं फोलपट चिकटलेलं. गल्ल्यावर मी बसायचे. नाण्याला दोरा बांधून ते फटीत सोडायचं आणि खेळ सुरू झाला की ओढून घ्यायचं, हा धंदा करणारे महाभागही होते. एकाचा दोरा मी कात्रीने कापला आणि म्हटलं, "मांजा संपला का रे? संक्रांतीला ये."

बोर्ड विकणारा माणूस मुंबईहून पिशवी घेऊन यायचा. त्याच्याशी भाव मीच करायचे. माझा नियम एकच: माल आपल्यासमोर चालवून बघायचा आणि आपल्यासमोर बांधून घ्यायचा. त्याने एकदा मला म्हटलं, "भाभीजी, आप तो मुझे चोर समझती हैं." मी म्हटलं, "समझती नहीं, बननेका मौका नहीं देती." तो हसला आणि भाव उतरवला.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चालायचा तो मारामारीचा खेळ. समोरासमोर दोन पैलवान, एकेक करून पाडायचे. त्यासाठी रांग लागायची, म्हणून त्याच खेळाचा आणखी एक बोर्ड मी घेतला आणि तो दुसऱ्या पेटीत बसवला. ते दोन बोर्ड सारखेच, जुळ्या भावांसारखे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. आमच्या पार्लरमध्ये बाई म्हणून मी एकटीच. बायका बाहेरून जायच्या, आवाज ऐकून मान वळवायच्या आणि पुढे जायच्या. आमच्या बिल्डिंगमधल्या शिक्षिकाबाई एकदा दारात थांबून म्हणाल्या, "आत नक्की काय असतं हो?" मी म्हटलं, या ना आत. त्यांनी आतल्या पोरांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नको, कुणी बघितलं तर वर्गात हसतील." तेव्हा मी मनाशी ठरवलं की हा खेळ एक दिवस घरच्या टीव्हीवर आणायचा. कारखान्यात मी टीव्ही उभे केले होते, पार्लरमधल्या पेट्यांच्या तारा मीच जोडल्या होत्या. मला अशक्य वाटत नव्हतं.

मग कॉम्प्युटरचं वारं आलं. जो तो पोराला क्लासला घालायला निघाला. भावजी एक दिवस आमच्याकडे आले, चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "वहिनी, आता या पेट्यांत काही राम नाही. गाळ्यात सायबर कॅफे टाकतो. पेट्या घ्यायला हडपसरचा एक जण तयार आहे."

"आणि माझं?"

"तुम्ही म्हणाल ते."

मी म्हटलं, "पेट्यांतला माझा वाटा सोडला. मला मारामारीचा बोर्ड द्या, एक दांड्यांचा संच आणि एका पेटीतल्या जुन्या तारा."

ते हसत म्हणाले, "बोर्ड घेऊन काय करणार? भिंतीवर लावणार?"

"ते मी बघते."

"दोन होते, त्यातला एक दसऱ्याच्या सुमाराला जळाला. भंगारात दिला. एकच उरलाय."

त्या नवरात्रात मी माहेरी होते, आईचं दुखणं होतं. परत आले तेव्हा दुसऱ्या पेटीत वेगळाच खेळ बसवलेला दिसला होता, पण आईच्या काळजीत मी चौकशी केली नव्हती, त्यामुळे जळाला म्हणाले ते मी खरं धरलं. म्हटलं, "मग तो उरलेला द्या."

ठरलेल्या दिवशी गाळ्यात गेले. खेळ पेटीत चालू होता. मी स्वतः एक डाव खेळून बघितला, आवाज ऐकला, रंग बघितले. भावजी म्हणाले, "तुम्ही दांडे सोडवून घ्या तोवर, मी बोर्ड काढून बांधून ठेवतो." मी पलीकडच्या पेटीखाली स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकले. उठले तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीने बांधलेला गठ्ठा टेबलावर तयार होता. मुंबईच्या माणसाच्या बाबतीत मी सुतळी सोडून बघितली असती. घरच्या माणसाची सुतळी कोण सोडतं?

घरी आल्यावर आधी बोर्ड ठेवायचा डबा करायला घेतला. आमचा व्हीसीआर बंद पडून कपाटावर बसला होता. त्याचं आतलं सगळं काढून टाकलं. बोर्ड आत आडवा मावेल एवढी जागा झाली. वीजपुरवठ्याला जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय मिळाला. त्या काळात नव्या कॉम्प्युटरसाठी लोक जुने पडेल भावात काढत होते. दांडा आणि बटणं कशावर बसवायची हा प्रश्न होता. शेवटी माझ्या लग्नातला पाट घेतला, कोपऱ्यांवर पितळी फुल्या असलेला. त्याला भोकं पाडताना हे म्हणाले, "त्या पाटावर बसून मी जेवलोय."

"आता मांडीवर घेऊन खेळा."

खरी अडचण रंगांची होती. बोर्डातून लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळ्या तारांनी बाहेर पडतात. पार्लरच्या पेटीतला पडदा त्या तिन्ही सरळ घेतो. घरच्या टीव्हीला मागे चित्रासाठी एकच पिवळं छिद्र. टीव्ही उघडून तिन्ही तारा आत जोडणं मला जमलं असतं, पण घरात तो एकच टीव्ही होता आणि यांनी बजावून ठेवलं होतं, टीव्हीला हात लावायचा नाही. म्हणजे तिन्ही रंग एकत्र करून एका तारेत घालणारी चिप हवी. आणि बोर्डाच्या कडेला जी सोनेरी दातांची रांग असते, तिच्यावर बसणारा लांब कनेक्टरही नवा हवा, कारण पार्लरमधून आणलेला सैल झाला होता.

बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक सामानाची गल्ली आहे, तिथे गेले. दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं.

"मिस्टरांना पाठवा. काय हवंय ते नीट कळेल तरी."

"मिस्टरांना पाठवलं तर ते एक्स्टेंशन बोर्ड घेऊन येतील. कनेक्टर दाखवा."

त्याने एक काढला आणि नव्याचा भाव सांगितला. "जुना आहे, पण काम करतो."

"मग जुन्याचा भाव लावा. नव्याचा भाव लावायचा आणि वर जुना आहे म्हणून सांगायचं, हे कुठलं?"

"बाई, दुकान मी चालवायचं का तुम्ही?"

"सध्या तरी कुणीच चालवत नाहीये. मघापासून मी एकटीच गिऱ्हाईक दिसतेय."

त्याने कनेक्टर माझ्या भावाने दिला. वर टीव्हीला जोडायच्या एका जुन्या कॉम्प्युटरचं मोडकं कार्ड दिलं, त्यावर मला हवी ती रंग एकत्र करणारी चिप होती. मी निघताना म्हणाला, "चाललं नाही तर परत आणू नका." मी म्हटलं, "चाललं तर दाखवायलाही आणणार नाही."

कार्डावरची चिप उतरवली, छोट्या पट्टीवर बसवली. बोर्डातले रंग टीव्हीला झेपणार नाहीत एवढे जोरदार असतात, म्हणून प्रत्येक रंगाच्या तारेत रेझिस्टन्स घातला. नाण्याच्या जागी दारावरच्या बेलचं बटण लावलं. बेल दाबली की बोर्डाला वाटायचं नाणं पडलं. इतकी वर्षं नाणी मोजून हात काळे झालेल्या बाईने हे बटण लावलं, तेव्हा मला एकटीला हसू आलं.

सगळी जोडणी झाल्यावर मी सुतळी सोडली, बोर्ड कनेक्टरमध्ये घातला आणि वीज लावली. पडदा काळा. आवाज नाही, काही नाही.

पहिला संशय माझा माझ्यावरच. सगळे टाके तपासले, मल्टिमीटर लावून प्रत्येक तार मोजली. माझं काम बरोबर होतं. वीज कनेक्टरपर्यंत पोहोचत होती, तिथून पुढे बोर्डात जात नव्हती. मग बोर्ड बाहेर काढला आणि खिडकीत, भर उन्हात धरला.

सोनेरी दातांच्या मधल्या फटींत लाल होतं. आधी वाटलं गंज. नखाने उकरलं आणि वास घेतला. कुंकू. त्याच्या खाली हळदीचा पिवळा थर आणि तांब्यावर हिरवं किटण चढलेलं. बोर्ड तिरका केला तर एका चिपच्या खाली तांदळाचा लाल दाणा अडकलेला. अक्षत.

माझ्या डोक्यात एका क्षणात सगळं जुळलं. खंडेनवमीला आपल्याकडे यंत्रांची पूजा होते. गिरणीपासून रिक्षापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. दरवर्षी पार्लरमधली पूजा मी करायचे आणि पेटीच्या लाकडाला कुंकू लावायचे. त्या वर्षी मी नव्हते. कुणीतरी फार भक्तीने बोर्ड बाहेर काढून पाटावर ठेवला असणार आणि सोनेरी दात दिसले म्हणून बोटं नेमकी तिथेच टेकली असणार. वर नारळाचं पाणी शिंपडलं असणार. ओल्या हळदकुंकवाचा लेप सुकला आणि बोर्ड बंद पडला. म्हणजे जळालेला, भंगारात दिलेला म्हणून सांगितला तोच हा. मी ज्याच्यावर डाव खेळले तो चालू बोर्ड पेटीसकट हडपसरला गेला होता. असं किटण चढलेल्या दातांवर कुठलाही खेळ चालूच शकत नाही.

राग आला, पण आधी काम. आमच्या पोरांच्या कंपासमधलं खोडरबर घेतलं आणि एकेक दात घासला. फटींतलं किटण जुन्या टूथब्रशने आणि स्पिरिटने काढलं. चिप उचलून खालची अक्षत काढली, चिपचे पाय पुसले, परत बसवली. उन्हात वाळू दिलं. पुन्हा कनेक्टरमध्ये घातला.

टीव्हीवर पैलवान आला. तोंड निळं, आकाश तांबडं, आणि सगळं चित्र गिरणीच्या पट्ट्यासारखं वर सरकतंय. लाल आणि निळी तार उलट झाली होती, ती बदलली. टीव्हीच्या मागे चित्र स्थिर करायची चकती असते, ती हळूहळू फिरवली. चित्र थांबलं. मी बेल दाबली. पार्लरमध्ये नाणं पडल्यावर यायचा तोच आवाज आमच्या बाहेरच्या खोलीत आला.

हे आतून आले, शर्टाची बाही अर्धी घातलेली. म्हणाले, "हे तू केलंस?"

"नाही, व्हीसीआरला उपरती झाली."

त्या दिवशी मला वाटलेला अभिमान मी लपवणार नाही. कारखान्याने मला घरी बसवलं होतं. दिराने भंगार हातात दिलं होतं. आणि घरात बसून, त्याच भंगारातून, मी असं यंत्र उभं केलं होतं की जे पुण्यातल्या कुठल्याही दुकानात विकत मिळत नव्हतं.

दुपारी बिल्डिंगमधल्या बायका यायला लागल्या. शिक्षिकाबाई पहिल्या. पाट मांडीवर घेऊन बसल्या आणि पहिल्याच डावात म्हणाल्या, "लाथ कुठल्या बटणाला आहे?" नंतर त्यांचा हात एवढा बसला की हरलेल्या बाईला त्या पेपर तपासल्यासारखं सांगायच्या, "अभ्यास कमी पडतोय." बायका गव्हले करत करत डाव बघायच्या, भाजी निवडत आपली पाळी यायची वाट बघायच्या. पार्लरमध्ये मान वळवून पुढे जाणाऱ्या त्याच बायका.

माझी धाकटी जाऊ, म्हणजे भावजींची बायको, तीही यायची. मनाने सरळ आहे ती. एकदा खेळता खेळता म्हणाली, "ताई, हा तोच ना हो बोर्ड? मीच पूजा केली होती ह्याची. सोन्याच्या पट्ट्या दिसल्या, म्हटलं देवाच्या टाकासारखं दिसतंय, तिथंच लावावं कुंकू. दुसऱ्या दिवशी चाललाच नाही. हे म्हणाले, ठेव कपाटावर." तिने भक्तीने केलं होतं. पण कपाटावर ठेवलेला बोर्ड भंगारात दिला म्हणून मला सांगणारा माणूस भक्त नव्हता.

मी सायबर कॅफेत गेले. भावजी नव्या खुर्चीत बसले होते, चाकांच्या.

"या वहिनी. चालतोय का बोर्ड?"

"चालतोय."

"मग झालं तर."

"तुम्ही दिलात तेव्हा चालत नव्हता. कुंकू भरलं होतं त्यात. कपाटावरचा दिलात मला."

त्यांनी खुर्ची जरा फिरवली. "पण आता चालतोय ना?"

"मी चालवला म्हणून चालतोय."

"अहो, बंद बोर्ड कधी चालतो का? चालतोय म्हणजे मी चांगलाच दिला होता."

मी त्यांच्या टेबलावर मूठ आपटली. कॉम्प्युटरसमोरची सगळी डोकी वर आली. भावजी त्यांच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "घरचं आहे, घरचं." मी तिथून निघाले, कारण आणखी एक मिनिट थांबले असते तर ती चाकांची खुर्ची रस्त्यावर गेली असती.

यातली चीड कुणाला कळेल का सांगता येत नाही. मी यंत्र चालवलं नसतं तर दिराने फसवलं हे सगळ्यांनी मान्य केलं असतं. मी ते चालवलं, आणि माझ्याच मेहनतीने तो खरा ठरला. यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, चालतंय ना? मिटव आता." म्हणजे जिंकल्याचा दंड मीच भरायचा.

तरी मी गप्प बसले असते. या वर्षी गणपतीत सगळे आमच्याकडे जेवायला होते. नणंदेचा मुलगा हिंजवडीला आयटी कंपनीत आहे. त्याने कपाटातलं यंत्र बघितलं, पाट बघितला, झाकण काढून आत डोकावला. "मामी, हे तुम्ही हाताने केलंत? हे टाके?" त्याने फोनमध्ये फोटो काढले. "टीव्हीवर गेम खेळायचा कन्सोल आहे हा, घरी केलेला. ऑफिसमध्ये कुणाचा विश्वास बसणार नाही." मी मोदक वाढत होते, हात थांबला माझा. इतक्या वर्षांत घरातल्या कुणी झाकण काढून आत बघितलं नव्हतं.

तेवढ्यात भावजी पानावरून म्हणाले, "बोर्ड माझ्याकडचा बरं का. चालू बघून दिला होता मी वहिनींना."

सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, घरातली वस्तू घरात राहिली." सगळ्यांनी माना डोलावल्या. जाऊ पानातल्या वरणाकडे बघत राहिली. मी तोंड उघडलं तर यांनी मला डोळ्याने खुणावलं, सणाचा दिवस आहे.

सण संपला. आता मी बोलते.

भावजी, यंत्र आजही चालतं. बेल दाबली की नाणं पडतं. ते कुणी चालवलं हे झाकण काढलं की दिसतं, त्याबद्दल मला तुमच्या दाखल्याची गरज नाही. मला विचारायचंय ते वेगळं आहे. मी दांडे सोडवायला वाकले होते आणि तुम्ही वर्तमानपत्र गुंडाळत होतात, तेव्हा आपल्या हातात चालू बोर्ड आहे असं तुम्हाला वाटत होतं, की बंद? मी पुढे काय केलं ते यात आणू नका. तेव्हाचं सांगा.

ती लाल अक्षत मी एका डबीत ठेवली आहे. खंडेनवमीला यंत्राची पूजा माझ्या घरी असते, कुंकू मी डब्याच्या पत्र्याला लावते, बोर्डाच्या दातांना नाही. त्या दिवशी सगळे जमतील. डबी मी मधोमध ठेवीन. तुम्ही या, आणि चालू की बंद, एवढ्या एका शब्दाचं उत्तर सगळ्यांसमोर द्या.